आधी श्वास सोडा

सदारामकाका गेले तेव्हा तीन जणांनी मला सांगितलं, तुझं श्वासाचं काम फुकट गेलं.

त्यातली एक माझी सख्खी आत्या.

"शेवटी मेलाच ना तो. मंग दोन महिने त्याच्या नाकाशी बसून काय भेटलं तुले?"

आज काकांना जाऊन वर्ष झालं. उत्तर आज देते.

आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. बाबा मिस्त्रीकाम करतात, आई धानाच्या रोवण्याला जाते. बीए झाल्यावर मी गोंदियातल्या एका दवाखान्यात, कॅन्सर वॉर्डात मदतनीस म्हणून लागले. रोज सकाळी दहा वाजता पेशंटना दहा मिनिटं शांत बसवायचं, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवायचं, हे काम मीच मागून घेतलं. आईसोबत मुर्रीच्या बुद्धविहारात जाऊन मी ते शिकले होते.

सदारामकाका तिथले पेशंट, नवेगाव बांधचे. ढिवर. सारं आयुष्य बांधात, म्हणजे तिथल्या तलावात, मासोळी धरण्यात गेलं. तंबाखूच्या खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर बोलणं थोडं बोबडं झालं होतं, पण टोमणे साफ यायचे.

पहिल्याच दिवशी विचारलं, "हे तुमच्या विहारातलं हाय का?"

"हो काका. चालेल ना?"

"चालते. नाकाले कोनती जात राहते?"

वॉर्डात सगळ्यात छान बसायचे ते. मला वाटलं, माझा नंबर एकचा विद्यार्थी.

मग रेडिएशन सुरू झालं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तोंडाच्या रेडिएशनला चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकचा मास्क बनवतात. जाळीचा. तो चेहऱ्यावर बसवून टेबलाला पक्का अडकवतात. जाळीतून श्वास घेता येतो, पण मान तसूभरही हलवता येत नाही. पंधरा मिनिटं तसंच पडून राहायचं. अशी तीस सिटिंग.

मास्क बघून काका म्हणाले, "आजवर मी मासोऱ्या जाळ्यात घातल्या. आता माही बारी."

सगळे हसले. तेही हसले.

मी बाहेर थांबले होते. ते आत जाताना मीच सांगितलं होतं, "काका, मास्क लावला की एक मोठा श्वास घ्या. बाकी आपोआप होईल."

दोन मिनिटांत आतून टेबल बडवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. टेक्निशियन भाऊ बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, आज भी नहीं हुआ. चाचा हाथ-पाँव मारते हैं."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सिटिंग अशी चुकत राहिली तर ऑपरेशनचा उपयोग राहणार नाही.

काकूंनी पिशवी भरायला घेतली होती. काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बांधावर मरतो. पन त्या जाळीत नाय."

मी म्हटलं, "मला एक दिवस द्या."

"माह्याजवळ दिवस हायेत किती, त तुले देऊ," असं पुटपुटले. पण पिशवी भरायची थांबली.

त्या दुपारी मी त्यांच्याच खांद्यावरचा दुपट्टा ओला करून त्यांच्या चेहऱ्यावर टाकला. हात धरून बसले. म्हटलं, "घ्या मोठा श्वास."

त्यांनी घेतला.

आणि छाती थांबली.

मी वाट पाहिली. आणखी वाट पाहिली. मग घाबरून दुपट्टा ओढला.

"काऊन काढलं? अजून होता ना दम."

"काका, तुम्ही श्वास का धरला?"

"तूच त सांगतलं, मोठा श्वास घे. मोठा श्वास घेतल्यावर मंग मानूस काय करते? बुडी मारते."

बांधात खाली जुन्या झाडांचे खुंट आहेत. जाळं अडकलं की बुडी मारून सोडवायचं. पन्नास वर्षं काकांनी हेच केलेलं. मोठा श्वास, चेहरा झाकला, दम धर. तेच त्यांचं शरीर त्या टेबलावर करत होतं. फरक एवढाच की बांधात वर येता येतं.

आणि बुडी मारायला त्यांना मी सांगत होते. रोज. प्रेमानं.

मला रडू येत होतं. काकू म्हणाल्या, "आता तू नको रडू व माय. याले सांग काय करायचं ते."

मी विचारलं, "काका, वर आल्यावर पहिले काय करता?"

"वर आल्यावर? सोडतो दम."

"मग तेच करा. मास्क लावला की आधी सोडा. घ्यायचं नावच काढू नका, श्वास आपला आपण येतो."

त्यांनी दुपट्टा स्वतःच परत चेहऱ्यावर ओढला, दम सोडला आणि खालून म्हणाले,

"म्हंजे मी बुडून नाय राहिलो. वर येऊन राहिलो."

दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं आतून काहीच आवाज आला नाही. काकू पूर्ण वेळ माझं मनगट आवळून उभ्या होत्या. वळ संध्याकाळपर्यंत होते.

तीसच्या तीस सिटिंग झाली. पुढे तर नवीन पेशंट मास्क बघून घाबरला की टेक्निशियन भाऊ मला नाही, काकांना बोलवायचे. मी शिकवलं तर लोक मान डोलवायचे. काकांनी सांगितलं की करायचे.

सात महिन्यांनी आजार परत आला. फुफ्फुसात. श्वासानं कॅन्सर जात नाही. जातो, असं मी कुणालाही, कधीही सांगितलेलं नाही. काकांनाही नाही.

ते घरीच गेले, सकाळी, बांधाकडच्या दारात खाट टाकून. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. काकू एवढंच बोलल्या, "धडपडला नाय व. दम सोडला अन् गेला."

आत्या, हे भेटलं मला.

ज्या माणसानं टेबल बडवलं होतं, तो धडपडला नाही.

आज सकाळी दहाला वॉर्डात आमगावकडची एक बाई होती. उद्या तिचं पहिलं सिटिंग आहे. मास्क मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "मॅडम, मोठा श्वास घेऊ ना?"

म्हटलं, नाही ताई. आधी सोडा.

उद्या मी तिच्यासाठी रेडिएशनच्या दाराबाहेर उभी असेन. परवाही.

काका, तुमचं शिकवणं सुरू आहे. मनापासून नमस्कार.