दोन हिरवे, एक पिवळा

आमच्या पत्रकात कुणाचं नाव नव्हतं. गावाचं नाही, कारखान्याचंही नाही. मी चार वर्षं संघटनेची पत्रकं लिहितेय. माणूस झाकून त्याचं म्हणणं उघड्यावर कसं मांडायचं, ते मला येतं असा माझा समज होता. पत्रक साधं होतं: शिफ्ट सुरू झाली की कारखान्याच्या शटरला बाहेरून कुलूप लावतात. आत बायाही असतात. आग लागली तर आधी चावी शोधायची की आधी जळायचं, हे मालकांनी जाहीर करावं.

हे आम्हाला आपाने सांगितलं. शेलार गावातल्या एका यंत्रमाग कारखान्यात ती कांड्या भरते, म्हणजे लूमच्या शटलमध्ये बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळते. नवरा नाही. राहायची खोली मालकाचीच, कारखान्याच्या मागे. काम गेलं की छप्परही गेलं. ती एकाच अटीवर बोलली होती. "मेरा नाम नहीं, फोटो नहीं, आवाज भी नहीं. समजलं ना पोरी?" मी आईची शपथ घेतली.

माझी चित्रकार मैत्रीण मुंबईची. पत्रकासोबत मांडायचं चित्र ती काढणार होती, पण तिला कॅनव्हास नको होता. "लूमचंच कापड पाहिजे. त्या आवाजात विणलेलं," म्हणाली. मला हे इतकं आवडलं की विचारू नका. कामगारांच्या कापडावर कामगारांची गोष्ट! आपाकडे तेलाचा डाग पडलेला एक मोठा तुकडा होता. जॉबरने, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या आणि कामगारांवर नजर ठेवणाऱ्या माणसाने, "उशीचे अभ्रे शिव" म्हणून तिला दिलेला. तो तिने आम्हाला दिला.

मैत्रिणीने त्यावर काळं शटर रंगवलं. खाली वीतभर फट, फटीतून दिसणारी पावलं, बस्स. चारी बाजूंनी कापड कोरं सोडलं. एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही ते तीन दिवसांसाठी टांगलं. पहिल्या सकाळी मी फोटो काढला आणि हाताला लागेल त्या ग्रुपवर टाकला.

अकराच्या सुमाराला एक म्हातारे कोकणी कापड-व्यापारी आले. हॉल त्यांच्याच ओळखीने मिळाला होता. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, हेलावले. मग त्यांनी कापडाचा कोपरा उचलून चिमटीत चोळला.

"बेटा, शेलारवाल्याने स्वतः कापड दिलं? बडा दिल झाला की त्याचा!"

"कोण शेलारवाला, चाचा?"

"हे काय." त्यांनी कड माझ्याकडे वळवली. पांढऱ्या कापडाच्या किनारीला बारीक रेघ होती. दोन हिरवे धागे, एक पिवळा. "ज्याची त्याची किनार वेगळी. रंगवायला दहा जणांचा माल एकत्र जातो, मग आपला ओळखायचा कसा? सगळ्या बाजाराला पाठ असतं. तुम्ही एवढ्या लूम-लूम करता, हे नाही ठाऊक?" हसले आणि चहाकडे गेले.

मी याच तालुक्यातली, खारबावची. पॉवरलूमवर भाषणं ठोकलीत. कापडाची कड कधी डोळे उघडून पाहिली नव्हती.

फोटो पुसला. तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. आपाला फोन लावला तर बंद. शिफ्टला फोन बाहेर जमा करावे लागतात. म्हणजे ती कुलपाच्या आत, आणि जॉबर बाहेर, हातात फोन घेऊन. तिला कळायच्या आत त्याला कळणार होतं. कळवणारी मी.

"किनार कापून टाकू," मी म्हणाले.

"फोटोतली पण कापणारेस?" मैत्रीण म्हणाली. आम्ही चित्र उतरवलं. विचारणाऱ्यांना सांगितलं, खिळा निघाला.

संध्याकाळी सातला शेलारला गेलो. शटर वर गेलं, माणसं बाहेर पडली. आपा आमच्याकडे न बघता सरळ भाजीच्या गाडीवर गेली. मीही शेजारी उभी राहून भेंड्या मोडून बघू लागले.

"जॉबर ने पूछा," ती भेंड्यांशीच बोलावं तशी म्हणाली. "'वो कपडा दिया था, उशीचे गिलाफ शिवलेस काय? कल लेके आ, बघू दे.' मैं बोली, हां, दो शिवलेत."

"आपा, माझी चूक..."

"किनार दुमडून शिवाल वाटलं मला. बगैर शिवलेलं कापड कोण टांगता है, पागल?"

म्हणजे रातोरात दोन अभ्रे शिवायचे होते. शिलाई मशीन माझ्या आईकडे. चित्र घेऊन खारबावला पोचलो. आईने चित्र जमिनीवर पसरलं, वितीने मापलं. "दोन अभ्र्यांना कोरं कापड चार बोटं कमी पडतंय. रंगवलेलं काळं घ्यावं लागल."

"बाहेर दिसेल?"

"न्हाय, शिवणीत जाईल. एकातच येतंय. उलटं केलं तरच दिसल."

"आणि तो डाग वर पाहिजे. किनार अभ्र्याच्या तोंडाशी, जॉबरला दिसेल अशी."

"सामाजिक न्याय म्हंजे ह्योच काय गो? चांगलं चित्र फाडून उशीला घालायचं?"

मैत्रिणीने कात्री आईच्या हातून घेतली. "काकू, मीच कापते." एकदाही न थांबता कापलं. शटरची एक बाजू गेली, दोन पावलं गेली.

सकाळी ड्युटीआधी मी पिशवी आपाच्या हातात दिली. जेवणाच्या सुट्टीत फोन परत मिळतात, तेव्हा ती फोन करणार होती. मी हॉलमध्ये रिकाम्या खिळ्यासमोर बसून राहिले. शटर वर करायला तिकडे कुणी आहे का, की आज तिला आतच ठेवलंय, असले विचार. एकदाचा दीडला फोन वाजला.

"देखा उसने. डाग बघितला, किनार बघितली. बोला, सिलाई अच्छी है."

"मग?"

"मग एक घेऊन गेला घरी. बोला, बीवी को दिखाता हूँ, ऐसी सिलाई." ती हसली.

"कोणता नेला, आपा?"

"वोही. काला वाला."

आपा अजून कामावर आहे. शटरला अजून बाहेरून कुलूप लागतं. मी नवं पत्रक लिहिलंय आणि छापायला द्यायची हिंमत होत नाही. उरलेलं चित्र मैत्रिणीकडे गुंडाळून पडलंय. शुक्रवारी लूम बंद असतात, घरोघरी कपडे निघतात धुवायला, जॉबरच्या घरीही. आणि अभ्रा धुताना उलटा करतात. दर शुक्रवारी सकाळपासून मी आपाला फोन लावते, आणि ती "हां, बोल" म्हणेपर्यंत वाजू देते.