खरा पत्ता

"सही केली? आता पत्ता. पूर्ण. आणि खरा."

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या सामाईक हॉलमध्ये जयंती असो की बुद्धपौर्णिमा, दारातल्या टेबलामागे काकू बसलेल्या असायच्या. पुढ्यात लांबट रजिस्टर, त्याला दोरीनं बांधलेलं पेन. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि मुकाट सही करतो. "काकू, घरून डबे आणून जेवायचं पॉटलक आहे यार, पासपोर्ट ऑफिस नाही," असं कुणी म्हणालं, की त्या पेन पुढे सरकवायच्या.

काकू मुलाकडे राहायच्या. त्याआधी विदर्भातल्या एका तहसील कचेरीत, रहिवासी दाखल्यांच्या टेबलावर, त्यांची अख्खी नोकरी गेली होती. "चार पिढ्या एकाच वस्तीत राहिलेली माणसं यायची," भात वाढता वाढता त्यांनी एकदा सांगितलं. "पण कागदावर कुठंच नाहीत. मग साहेब म्हणे, तुम्ही इथले नाहीच. माझ्या बापालाही असंच परत पाठवलं होतं."

मी टियागोबरोबर राहत होते. तो पोर्तुगालचा. त्याचा आधीचा घटस्फोट कोर्टात अडकलेला, त्यामुळे लग्न करता येत नव्हतं, आणि अमरावतीला आईला सांगायची माझी छाती नव्हती. माझा एक मावसभाऊ जवळच्याच गावात राहायचा. त्याच्यामार्फत बातमी फुटू नये म्हणून बँक, लायसन्स, फोन, सगळीकडे मी आधी जिच्याकडे राहायचे त्या मैत्रिणीचाच पत्ता ठेवला. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी.

काकूंच्या रजिस्टरमध्येही पहिल्यांदा तोच लिहिला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "रोज सकाळी तर समोरच्या जिन्यावरून उतरतेस, बाई." मी लाजून खोडलं आणि खरा लिहिला. त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही, कुणाकडे काढलाही नाही. त्यानंतर माझा खरा पत्ता जगात फक्त त्या रजिस्टरमध्ये होता.

मग टियागोला डब्लिनमध्ये नोकरी लागली. तो युरोपचा नागरिक, त्याला तिथे राहायला कुणाची परवानगी नको. त्याची जोडीदार म्हणून मलाही जाता येणार होतं, पण आम्ही दोन वर्षं एकत्र राहिलो हे सिद्ध करायचं होतं. व्हिसा ऑफिसचं पत्र आलं: पुरावा अपुरा. बरोबरच होतं. माझा प्रत्येक कागद सांगत होता, की ही बाई दुसरीकडे राहते.

काकूंच्या स्वयंपाकघरात बसून मी रडले. त्यांनी हात पुसले आणि रजिस्टर आणलं. अडीच वर्षांत सात कार्यक्रम. सातही पानांवर आम्ही दोघं, एकाखाली एक, आपापल्या अक्षरात, एकच पत्ता. ज्या वहीला आम्ही सगळे हसलो, तिनं आमचा संसार जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाची पांढरी साडी नेसून त्या माझ्यासोबत नोटरीकडे आल्या. हे दोघं माझ्यासमोर राहतात, मी रोज पाहते, असं प्रतिज्ञापत्र केलं. सही मराठीत ठोकली. वर पत्ता विचारला नाही म्हणून नोटरीलाच दटावलं, "माय ॲड्रेस? फुल?" बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "झेरॉक्स ठेव, मूळ पाठव. पण वही परत आण."

व्हिसा आला. त्याच पाकिटातून वहीही परत आली. तोवर काकू थंडीपुरत्या नागपूरला गेल्या होत्या. तिथेच एका सकाळी त्यांचं हृदय थांबलं.

निघण्याआधीची आमची शेवटची जयंती. टेबलामागची खुर्ची रिकामी होती, म्हणून वही घेऊन मीच बसले. पहिल्या पानापासून चाळली. सगळे होते. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. सगळ्यांच्या सह्या घेताना ही बाई स्वतःची करायचीच विसरली होती.

नव्या पानावर पहिल्या ओळीत मी काकूंचं नाव लिहिलं. तारीख घातली. पत्त्याचा रकाना मात्र, आता कुठला लिहायचा म्हणून, कोराच राहिला. त्या असत्या तर तो पूर्ण भरल्याशिवाय मला तिथून हलू दिलं नसतं.