यासेंकाने सोडलेली पुडी

नोवी सादमधल्या आमच्या प्रयोगशाळेत माणसाचं कंप्युटरशी कसं जमतं, यावर संशोधन चालतं. आमचं आपसात जमत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. मी डोळ्यांच्या हालचालींवर, मिलुंका आवाजावर, प्रोफेसर स्वेतोझार म्हाताऱ्यांच्या थरथरत्या बोटांवर. ज्याचं त्याचं आपलं तुणतुणं. यात भरडली जायची यासेंका, आमची कंत्राटी सहायक. तिघांनी मिळून एकच विषय मांडला तरच हिचं कंत्राट वाढेल, असं डीनबाईंनी सांगून टाकलं होतं.

पोरगी भारी चलाख. विनवण्या करून थकली, तशी तिने एक पुडी सोडली. कॉफी उकळता उकळता सहज म्हणाली, वरच्या मजल्यावरचे तिहोमिर म्हणत होते, या तिघांचं एकमत होईल त्या दिवशी डॅन्यूब उलटी वाहील.

झालं. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापायची आमच्याकडे जुनी हौस. तिला आम्ही इनात म्हणतो आणि वर मिरवतो. मिलुंकाने दार लावलं. प्रोफेसरांनी कपाटातून राकियाची, आमच्या फळांच्या दारूची, बाटली काढली. तिहोमिरची मस्ती जिरवायची, यावर आमचं ताबडतोब एकमत झालं.

विषय मात्र सापडेना. मी रागाने नुसता धुमसत होतो. शेवटी म्हटलं, आपल्याला कोणी 'जमणार नाही' म्हटलं की आपण पेटतो. यंत्राने 'हे करू नका' म्हटलं की लोकही मुद्दाम तेच बटण दाबतात. हे असं का, तेच शोधू या. वटारलेले डोळे माझे, शिव्या मिलुंकाच्या, बटणावरचं बोट प्रोफेसरांचं.

"मेल्या," मिलुंका म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललास."

डीनबाईंनी विषय मान्य केला, कंत्राटही वाढलं. यासेंकाने घरून चीजची गिबानित्सा करून आणली आणि वाढता वाढता रडवेली होऊन कबूल केलं, की तिहोमिर बिचारे काहीच बोलले नव्हते. माझा घास हातातच राहिला. मिलुंका आणि प्रोफेसर मात्र निवांत खात होते.

"तिहोमिर माझ्या मुलीचा धर्मपिता आहे, म्हणजे घरचाच माणूस," प्रोफेसर म्हणाले. "माझ्या पाठीमागे वाकडा शब्द बोलायचा नाही. तू थाप मारतेस, ते मला तेव्हाच कळलं. मिलुंकालाही मी डोळ्याने खुणावलं."

"मग बोलला का नाहीत, प्रोफेसर?"

"बोललो असतो तर आम्ही पुन्हा भांडत बसलो असतो, आणि तू घरी गेली असतीस, पोरी."

यासेंका हुंदके द्यायला लागली. मिलुंकाने तिच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला आणि माझ्याकडे वळली.

"तुला मुद्दामच सांगितलं नाही. तू खरोखर पेटलास, म्हणून तर विषय सापडला."