जपानच्या काचेतून दिसलेली शिरूरची गोधडी

खरं सांगते, शिरूर कासारला जायचं मी जपानमध्ये ठरवलं. कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष तिकडे होते आणि त्या दीड वर्षात या ब्लॉगवर मी तुम्हाला किती पिडलं ते तुम्हीच जाणता. तिथला चहा, तिथली शांतता, दाराशी नीट जोडून ठेवलेल्या चपला. मॉल आले, बुलेट ट्रेन आली, तरी या लोकांनी जुनं कसं सांभाळलंय बघा! ‘आपल्याकडे असं कुणी काही जपतच नाही’ हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे.

मग उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात, छोट्याशा संग्रहालयात, मंद उजेडात काचेमागे एक पांघरूण दिसलं. निळ्या कापडावर निळंच ठिगळ, त्यावर आणखी एक, आणि सगळ्यांवरून पांढऱ्या दोऱ्याचा बारीक धावदोरा. गरिबाघरच्या बायकांनी फाटकं जोडून जोडून उबेसाठी केलेलं. लोक देवळात उभे राहावेत तसे समोर गप्प उभे होते. मीही उभी राहिले आणि त्या परक्या गावात मला चक्क शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीचा वास आला. अगं बाई, ही तर आमच्या मावशीची गोधडी!

थोडं मागचं सांगायला हवं. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की निघायचे आणि उन्हाळा लागल्यावर परतायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून ते सहा महिने मी शिरूरला मावशीकडे राहायचे. बारावीनंतर मी पुण्याला हॉस्टेलवर निघाले तेव्हा मावशीने माझ्यासाठी खास गोधडी शिवली होती. मी ती नेली नाही. “पुण्यात उकडतं गं,” असं म्हणाले. खोटं बोलले. खोलीतल्या मुली हसतील याची लाज वाटत होती. मावशीने गोधडीची घडी घातली आणि उतरंडीशेजारी ठेवून दिली.

आता तीच गोधडी मला हवी होती. नव्या फ्लॅटच्या हॉलमधली एक भिंत मी मोकळी ठेवली, काचेची चौकट करायला टाकली, खालच्या पाटीवरचा मजकूरसुद्धा ठरवला: ‘मावशीच्या हातची, शिरूर कासार.’ आणि भाऊबीजेच्या आदल्या दिवशी एकटीच गाडी घेऊन निघाले.

पुण्याहून पहाटे निघालात तर अहिल्यानगरमार्गे पाच-सव्वापाच तास धरा. एसटीने येणार असाल तर गाडी बदलावी लागते आणि अख्खा दिवस जातो. नगर सोडलं की रस्ता मोकळा होतो, डोकंही मोकळं होतं. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत, मधेच कपाशी, आणि दूरवर निळसर डोंगरांची रांग, जवळ जावं तशी मागे सरकणारी. कडा गावात चहाला थांबले. दहा रुपयांत आल्याचा कडक चहा, आणि सोबत समोरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांचा गोडूस वास. मी डोळे मिटून बसले तर टपरीवाले काका म्हणाले, “झोप लागली काय ताई? आजून लई पल्ला हाय का?” मला खरंच सांगता येईना की मी त्या क्षणी नक्की कुठल्या देशात होते.

मी निघालेच उशिरा, त्यामुळे शिरूरला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. मावशीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. “किती वाळलीस गं! तिकडं काय कच्चे मासे खाऊन दिवस काढलेस का?” मग येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा. बोटं चाटत जेवले. अंगणात मावशीची सून अंजनावहिनी सामान बांधत होती. ती आणि तिचा नवरा, आमचा बाळूदादा, ऊसतोडीच्या टोळीत जातात, यंदा खाली कर्नाटकच्या बाजूला. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक निघणार होता. घरभर कोयते, पत्र्याचे डबे, पिठाची गोणी. वहिनी कामसू आहे, बोलते कमी, पण बोलली की ठसक्यात. “ताई, तुमी बसा. तुमचा पाय ह्या पसाऱ्यात आडकायचा,” म्हणाली.

अंथरूण घातलं तेव्हा मी मनात गोधडीची वाट बघत होते. मावशीने काढलं काय, तर वाघाचं चित्र असलेलं नवंकोरं ब्लँकेट, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं! पाहुण्याला जुनं द्यायचं नसतं. मी त्या वाघाखाली घामेजून पडले आणि स्वप्नात काचेमागचं निळं पांघरूण हलकेच श्वास घेत होतं.

भाऊबीजेला बाळूदादाला ओवाळलं आणि दुपारी एकदाचा विषय काढला. जपान, संग्रहालय, काच, भिंत, सगळं सांगितलं. मावशी पान लावत ऐकत होती.

“म्हंजी पांघरायला न्हाई?”

“नाही गं. भिंतीवर लावायला.”

“भितीला थंडी वाजती का बाई?”

आम्ही दोघी हसलो. वहिनी हसली नाही. तेव्हा कळलं, गोधडी घरात नव्हतीच. अंगणात कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, न्यायच्या सामानात, एका मोठ्या बोचक्यात बांधलेली होती. आमच्याकडे निघण्याआधी बोचक्याच्या गाठीला हळदकुंकू लावतात. एकदा लावलं की ती गाठ मुक्कामी कोपीतच सुटायची, मधे सोडली तर हंगाम वाईट जातो म्हणतात. मला हे ठाऊक होतं. माझ्या आईने अशा किती गाठी माझ्यासमोर बांधल्या होत्या.

आणि मावशी उठली. “दिवाळीची माहेरवाशीण हाय. तिनं तोंडानं मागितलं, आता न्हाई कसं म्हणू?” कुंकवाची गाठ तिने दातांनी सोडली. गोधडी माझ्या मांडीवर आली, जड, धुराच्या वासाची, निळ्या-तपकिरी ठिगळांची. वहिनी चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिचा चेहरा पाहिला होता. तरी मी न पाहिल्यासारखं केलं आणि फोटो काढत बसले. हे लिहिताना कान गरम होतायत, पण लिहायलाच हवं.

तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा टोळी गेली होती. बाहेर धुकं होतं, शेजारचं घरसुद्धा अर्धंच दिसत होतं. एवढी सुंदर सकाळ की बोलावंसं वाटू नये. बाजेवर वाघाचं ब्लँकेट नीट घडी घालून ठेवलेलं.

“हे इथे कसं?” मी विचारलं.

“मी आंजनीला म्हनलं, त्या गोधडीच्या बदली हे ने. तिनं ठिवलं. दवात भिजलं की वाळत न्हाई म्हणली.” मावशी चूल फुंकत म्हणाली. “उघड्या रानात उसाच्या पाचटाची कोपी. थंडी काय इचारूच नगंस. काढतील कसंबी.”

मी जाकीट घालून कुडकुडत होते. काय करून बसले मी! “मावशी, ट्रक कुठे थांबतो?”

“मांजरसुंब्याला. समदे तिथंच च्या पित्यात.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “जा. गाडी नीट हाक.”

बीडपर्यंतचा रस्ता धुक्यात कसा गेला ते विचारू नका. खजाना बावडी ही तिथली जुनी विहीर बघायची ठरवलेली, ती राहिली. तुम्ही चुकवू नका. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांसमोर ट्रकची ही रांग, कढईतल्या भज्यांचा धूर, सीताफळांचे ढीग. चौथ्या ट्रकच्या फाळक्याला टेकून वहिनी चहा पीत होती.

“ताई? तुमी कावून आलात? घरी बरं हाय ना?”

“सगळं बरं आहे. वहिनी, ही घ्या. मी चुकले.”

तिने हात पुढे केला नाही. “दिलेलं माघारी घेत न्हाईत. सासूबाईंनी दिलीया.”

“मावशीनेच पाठवलंय. तिच्या हातची एक वस्तू आपल्याकडे असावी, एवढंच माझ्या मनात होतं.”

वहिनीने कप खाली ठेवला. “सासूबाईंच्या हातची? आता गं बया! ती तर कवाच इरली. हे निळं माज्या लग्नातल्या साडीचं. हे तपकिरी ह्यांच्या सदऱ्याचं. कोपीवरनं आलं की दर साली मी वरून एक थर घालती. शिवली त्यांनी आसंल, पण जगवली मी.” मग तिने माझा हात धरून गोधडीच्या कडेला दाबला. “हितं जाड लागतंय का? तुमचा साळंचा घागरा हाय आत. सासूबाई सांगत्यात.”

बोटांना खरंच जुनी, दुहेरी शिवण लागली. मला रडू आलं, भर चौकात. ज्या पाटीवर मी मावशीचं नाव लिहिणार होते, त्या पाटीवर वहिनीचं नाव मला सुचलंसुद्धा नव्हतं. जपानमध्ये काचेसमोर मी हळहळले होते की हे शिवणाऱ्या बायकांची नावं कुणालाच माहीत नाहीत. इथे ती बाई माझ्या समोर चहा पीत होती.

“रडू नगा, लोकं बघत्यात,” वहिनी म्हणाली आणि गोधडी घेऊन काखेत मारली. मुकादमाने हाक दिली, बाळूदादाने तिला वर ओढलं. ट्रक हायवेला लागेपर्यंत मी उभी होते. मग दीडशे रुपयांची सीताफळं घेतली, कपिलधारच्या धबधब्याला गेले. पाणी उरलं होतं बारीकसंच, पण त्याच्याकडे बघत बराच वेळ बसले. जेवायला मांजरसुंब्यालाच परत या, शेवभाजी चांगली मिळते. संध्याकाळी जामखेडच्या रस्त्याने पुण्याला निघाले.

घरी येऊन आता महिना होईल. जपान मला अजूनही आवडतं, त्यात काही बदललेलं नाही. फक्त ‘आपल्याकडे असं कुणी काही जपतच नाही’ हे वाक्य मी जुन्या सगळ्या पोस्टमधून काढून टाकलंय. एक-दोन वाचकांनी कारण विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

परवा दुपारी वहिनीचा फोन आला, फडातून. मागे कोयत्यांचा सपसप आवाज. थंडी लई हाय म्हणाली. मग विचारलं, “ताई, तुमच्या त्या जपानातल्या बाया आता गोधड्या पांघरत्यात का?”

“नाही. आता काचेत ठेवतात.”

“आन मग थंडीचं काय करत्यात?”

“घरात हीटर असतो, वहिनी.”

मग म्हणाली, “आमच्या कोपीत हीटर येऊ द्या, ताई. मी सोता गोधडी आणून तुमच्या भितीला लावीन. तवर ऱ्हाऊ द्या माज्याकडं.”