तीनशे त्रेपन्नाच्या अलीकडे

मनोहर काल गेला आणि आज सकाळी त्याच्या नावावर एक शोध जमा झाला.

त्याच्या मुलाने, निखिलने, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला. "कधीही न तुटणाऱ्या महासंख्येचे संशोधक."
खाली, "काका, शुद्धलेखन पाहून घ्या. संध्याकाळी प्रिंटला जाते."

शुद्धलेखन ठीक आहे. गणिताचं काय करू?

मनोहर हिंगणघाटला शाळेत गणित शिकवायचा. रिटायर झाल्यावर वडनेरला वांगी लावायचा आणि झाडून सगळ्या लग्नांत जेवायचा.
एका पंगतीत मला म्हणे, "आहेरात शंभरावर एक काऊन ठेवतेत, सांग?"
"शुभ असते म्हणून."
"अबे, तुटत नाई म्हणून! एकशे एकाले कशानंच भाग जात नाई. अकराले बी नाई. दोन्हीकडून एक, मधात असलं तं शून्यच. आता असाच तिसरा शोधतो."

तिसरा सापडेना.
एक हजार एक सातानेच फुटला. दहा हजार एक त्र्याहत्तराने. दहा कोटी एक तर सतराने.
शेवटी तो एका आकड्यापाशी ठाण मांडून बसला. एक, पुढे पंधरा शून्यं, शेवटी पुन्हा एक.

जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर हाताने भागाकार. कॅल्क्युलेटरचं नाव काढलं की शिवी.

"पूर्ण तपासायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हंजे दहा कोटीपर्यंत जा लागते," मी म्हटलं. "तवरीक जगशील का बे?"
"तू मर. मी पाह्यतो."

परवा फोन आला. धाप लागलेली.
"तीनशे एकोणपन्नास झालं. नाई तुटत बावा हा!"
त्याच्या शेजारी बसलेल्या निखिलने एवढंच ऐकलं. त्याला वाटलं, झालं सिद्ध.

आज बसवत नव्हतं. मेसेज टाइप केला, पुसला. अंगणात गेलो, परत आलो.
मग त्याच्या नियमाने, हातानेच, पुढची मूळ संख्या लावली. तीनशे त्रेपन्न.

भाग गेला.
पुन्हा केला. पुन्हा गेला.

पुढचीच, मन्या. पुढचीच होती रे.

निखिलला फोन केला. "बेटा, ती ओळ काढ. तो आकडा तुटते."
"काका, चौकात कोण भागून पाहून राह्यलं?"

खरं आहे. त्याच चौकात चार कार्यसम्राट लटकलेत. त्यांनाही कोणी भागून पाहत नाही.

"बाबाचं एक तरी मोठं राहू द्या ना," तो म्हणाला. पोरगा रडत होता.
 तरी मी बोललो. "तुझ्या बापानं जन्मभर पोरांची चुकलेली उत्तरं खोडली. आता त्याच्याच फोटोखाली एक टांगतो?"


मग, "मंग काय लिहू?"
"लिही, तीनशे एकोणपन्नासपर्यंत पाहिलं."

उद्या फ्लेक्स लागेल. हे काय भलतंच, म्हणून लोक निखिलला विचारतील. विचारू दे. सांगेल तो.

नमस्कार, मनोहर. तीनशे त्रेपन्नाची बातमी माझ्याकडून ऐकावी लागली, माफ कर.