कार्ड पाहून राह्यलो

वस्तू विकत घेतली की तिच्यातला आनंद संपतो, खरा आनंद काय तो निवडण्यात, असं मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला आणि माझ्या नशिबाने तो माझा साडू निघाला. सासरची माणसं दोन जावयांची तुलना करतातच. आमच्या बाबतीत त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत. दुकानदाराने दोन शर्ट उलगडले की 'तिसरा दाखवा' म्हणताना आपण त्याच्यावर अन्याय करतोय असं मला वाटतं. म्हणून माझ्या अंगात कायम पहिलाच शर्ट असतो, मग तो पोटावर ताणलेला का असेना. साडभाऊ मात्र त्यांच्या गावी, नेरच्या बाजारात टरबूज वाजवून पाहायला उभे राहिले की गाडीवाला निवांत घरी जेवून यायचा. यवतमाळची बस समोर उभी असली, तरी मागून येणारी बरी असेल म्हणून ते ती सोडून द्यायचे. बायकोसुद्धा त्यांनी निवडली नाही. मुली पाहता पाहता पोरगा म्हातारा होईल या धास्तीने त्यांची माय एकटीच आमच्या सासऱ्यांकडे गेली आणि पसंती देऊन आली. माझी मेहुणी आजही म्हणते, "सासूनं पाह्यलं म्हणून जमलं. यायनं तं मले वाजवून परत ठेवली असती."

त्या वर्षी पोळा झाल्यावर एका रविवारी ते माझ्याकडे यवतमाळला आले आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधीच म्हणाले, "साडभाऊ, कम्प्युटरमंदी टीव्ही दिसाचं कार्ड येते म्हणते. पाहून राह्यलो." कारण मोठं होतं. नागपूरचे टीव्हीवाले त्यांच्या मायचा आणि गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांचा भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, गाण्यांचा कार्यक्रम टिपून गेले होते. तो कोजागिरीला लागणार होता आणि एकदाच लागणार होता. कार्ड बसवलं तर तो कम्प्युटरमध्ये कायमचा साठवता येणार होता. "माय थकली आता," ते खाली पाहत म्हणाले, "हा आवाज राह्यला पाह्यजे."

मग आम्ही यवतमाळची दुकानं पालथी घातली. आत बसवायचं कार्ड घ्यावं की बाहेर ठेवायची डबी? आतलं घेतलं तर कम्प्युटर उघडावा लागेल, आणि उघडलेली वस्तू पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, हा त्यांचा सिद्धांत. डबी घेतली तर तिच्यावर मांजर बसेल. रिमोट असलेलं घ्यावं तर तो हरवणार, नसलेलं घ्यावं तर सारखं उठावं लागणार. ते खोक्यावरचं अक्षर न् अक्षर वाचायचे आणि शेवटी खोकं हळूच दुकानदाराकडे सरकवून म्हणायचे, "ठेवा. पाहून राह्यलो आमी." त्या दुकानदाराचा चेहरा मला पाहवत नसे. त्याला इतका वेळ ताटकळत ठेवल्याची भरपाई म्हणून प्रत्येक दुकानातून काहीतरी घेऊन मीच बाहेर पडे. नवरात्रापर्यंत माझ्या घरात तीन माऊस आणि की-बोर्डवर घालायचं एक प्लास्टिक जमलं. माझ्याकडे तेव्हा कम्प्युटरच नव्हता. बायको म्हणाली, "कार्ड त्यायले पाह्यजे, अन् उंदरं आपल्या घरात!"

नेरमध्ये तर भलताच घोळ झाला. बसमध्ये, पानठेल्यावर, ऑफिसात साडभाऊंचं एकच पालुपद असे, "कार्ड पाहून राह्यलो." त्यांची लेक तेव्हा कॉलेजात होती. कॉलेजातल्या पोरीचा बाप कार्ड पाहून राह्यला, म्हटल्यावर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो. बातमी पार पांढरकवड्यापर्यंत गेली आणि तिथले एक मामा पेढे घेऊन थेट माझ्या दारात आले. "पोरीचं जमलं अन् आमाले सांगतलंबी नाही? कुठचा हाये पोरगा?" पेढे आणलेल्या माणसाला तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं? मी म्हणालो, "अजून पाहून राह्यले." म्हणजे अफवेवर शिक्का मारला तो मीच. मेहुणी दसऱ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

शेवटी मायच कडाडली. "तू पाहत राह्य बाप्पा, तवरिक माहं गाणं होऊन जाईन!" कोजागिरीच्या आदल्या दिवशी ती स्वतः बसमध्ये बसून यवतमाळला आली, पहिल्याच दुकानात शिरली आणि पहिल्याच खोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हे दे." साडभाऊंनी पुस्तिका वाचून रातोरात कार्ड बसवलं. एक बोटभर वायर उरली. "कंपनी जास्तीची देते," म्हणत त्यांनी ती खणात जपून ठेवली.

कोजागिरीला गल्ली लोटली. समोरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावलेला, शेजारी कम्प्युटर, आणि त्याच्या राखणीला मी. कार्यक्रम साठवला जातोय हे दाखवणारा पडद्यावरचा लाल ठिपका विझू नये म्हणून मी इतक्या निष्ठेने त्याच्याकडे बघत बसलो की पापणी हलवतानाही मला चोरटं वाटत होतं. मायच्या आवाजाने खोली भरून गेली. तो सगळा आवाज टीव्हीतून येत होता, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर कम्प्युटरवर लावून पाहिलं. पाचही म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या, ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आवाज खणात होता. कार्डातला आवाज पुढे नेणारी ती बोटभर वायर! साडभाऊंनी ती खणातून काढून पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून पाहिली. वायर मी पाहिलीही नव्हती, तरी "माझंच चुकलं, माझंच चुकलं" असा धोशा मी लावला, इतका की मेहुणीने नवऱ्याला सोडून आधी मला पाणी दिलं. माय तेवढी पडद्याजवळ सरकली. "काऊन रे, मी एवढी चूप कधी होती?" असं म्हणून ती पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे पाहत गाऊ लागली. एका जागी ओठ पुढे निघून गेले. "मांगं राह्यली पाहा म्हातारी!" असा स्वतःलाच टोला हाणून तिने त्यांना गाठलं.

पुढे पाहुणा आला की तो कार्यक्रम ठरलेलाच. चित्र पडद्यावर आणि आवाज शेजारी बसलेला. माइक आणून मायचा आवाज नीट भरून घ्यायचं साडभाऊंच्या मनात होतं. माइक ते पाहून राह्यले होते. माय गेली तेव्हाही ते पाहूनच राह्यले होते.

तो जुना कम्प्युटर त्यांनी अजून मोडीत काढलेला नाही. गेल्या कोजागिरीला संध्याकाळी मी सहज फोन केला. "काय करून राह्यले, साडभाऊ?"

"काही नाई. कार्ड पाहून राह्यलो."

सवयीने माझ्या ओठांवर 'माझंच चुकलं' आलं होतं, पण त्यांनी फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांच्या जाड्याभरड्या आवाजात, सूर सोडून, भुलाबाईचं गाणं सुरू झालं. दोन ओळी झाल्या. तिसरीवर ते अडखळले, थांबले आणि आपल्याशीच म्हणाले, "मांगं राह्यलो पाहा."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.