बानं पुढे केलेला वाटा

‘‘जिता धर रं. मेलेला नको. पावण्यांना बगायचाय.’’

मालक बांधावर उभा राहून माझ्या बापाला सांगत होता. बा उंदराच्या बिळाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. भात कापून झालं होतं, शेत मोकळं पडलं होतं. आईनं बिळाच्या दुसऱ्या तोंडाशी ओलं गवत पेटवलं होतं आणि ती पदरानं धूर आत ढकलत होती. मालकाच्या मागे सतरंजी अंथरलेली. तिच्यावर मुंबईहून आलेले एक साहेब आणि त्यांची बाई. साहेब म्हणजे गोरे नव्हेत, आपलेच, मराठी बोलणारे. डोक्यावर खाकी टोपी. त्यांची मोटार खाली शिळफाट्याला उभी होती.

मी तेव्हा लहान होते. परकर गुडघ्यापर्यंत यायचा, एवढी. आमची सगळी वाडी मालकानं कोळशाच्या भट्ट्यांवरून बोलावून आणली होती. पाहुण्यांना कातकरी बघायचे होते ना.

उंदीर बाहेर आला. बानं त्याला मानेमागे धरला. चांगला लठ्ठ, भात खाऊन पोसलेला. बाई किंचाळली आणि मग हसायला लागली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

‘‘आता भाज आनि खा. हितंच,’’ मालक म्हणाला.

बानं आमच्याकडे बघितलं. म्हातारी माणसं, बाया, कडेवरची पोरं, सगळे बांधाखाली उभे होते. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं.

‘‘मालक, येकच हाय. मी येकटा कसा खाऊ? पोरं बगतात.’’

‘‘पोरांना मागनं घाल. पावण्यांना वेळ नाय.’’

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आम्ही उंदीर खातो. शेतातला. घरातला नाही. त्याची लाज मला तेव्हाही नव्हती, आजही नाही. तुमच्या भातावर वाढलेला तो जीव, तुमच्या कोंबडीहून स्वच्छ. पण आमच्यात एकट्यानं खात नाहीत. ससा असो, मासा असो, उंदीर असो, भाजताना जो कोणी समोर असेल त्याला वाटा. वाटेनं जाणारा अनोळखी असला तरी त्याला वाटा, आणि तो पहिला. दुसरा बघत असताना घास तोंडात घालणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही.

बानं उंदीर भाजला. केस जाळले, सोलला, मीठ लावलं. मग त्यानं मागची एक तंगडी तोडली. पळसाच्या पानावर ठेवली. दोन्ही हातांत पान धरून तो सतरंजीपाशी गेला, वाकला, आणि म्हणाला,

‘‘घ्या पावणं.’’

बाई तोंडाला रुमाल लावून उठली आणि मागे जाऊन ओकाऱ्या काढायला लागली. साहेब दचकून सरकले. मालकाच्या हातातली छडी बाच्या मनगटावर बसली. पान उडालं. तंगडी मातीत.

‘‘मातलास काय रं कातोड्या? त्यांच्या तोंडाशी हात नेतोस?’’

‘‘मालक, वाटा व्हता...’’

दुसरी छडी. ती कानावर बसली.

‘‘असू द्या हो, असू द्या,’’ साहेब म्हणाले. ‘‘त्याला काय कळतंय.’’

छडीचा आवाज मी विसरले असते. आमच्याकडे छड्या रोजच्याच होत्या. पण हे ‘त्याला काय कळतंय’ माझ्या अंगात जे रुतलं ते अजून निघालेलं नाही. बाला सगळं कळत होतं. त्या सगळ्या माणसांत पाहुण्याला कसं वागवायचं हे कळणारा तो एकटाच होता.

मग मालक म्हणाला, ‘‘हां, आता खा.’’

बा खाली बसला आणि त्यानं खाल्लं. एकट्यानं. सगळं. वाडी बघत होती, कुणी हललं नाही. मातीत पडलेली तंगडी कुत्र्यानं नेली. साहेब मालकाला म्हणाले, ‘‘असं गाव इथं आहे हे मुंबईत कुणाला ठाऊकच नाही. मी यावर लिहिणार आहे. नाव काय म्हणालात गावाचं?’’

‘‘नाव कसलं? कातकरवाडी.’’

नाव होतं. भोकरवाडी. दोन मोठी भोकरीची झाडं होती, त्यांच्याखाली आमच्या कुडाच्या झोपड्या. साहेबांनी काय लिहिलं मला माहीत नाही. माझ्याकडून ऐका. खोपोलीच्या वर, घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. डोंगरावरून जाडजूड लोखंडी नळ खाली उतरायचे. त्यांतून घाटमाथ्याच्या तळ्याचं पाणी धडाधडा पडायचं आणि त्याची वीज व्हायची. ती तारांवरून आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची. आमच्याकडे दिव्याला तेल नव्हतं. रानात साग, ऐन, खैर. आम्ही ऐन तोडायचो, भट्टी लावायचो, रात्रंदिवस राखायचो, कोळसा पोत्यांत भरायचो. पोती खोपोलीच्या स्टेशनातून जायची. गवत जायचं. लाकूड जायचं. इतकं सगळं असलेल्या मुलखात आम्ही कंद उकरून पावसाळा काढायचो. जमीन मालकाची, रान सरकारचं, पाणी कंपनीचं. आमची ती दोन झाडं, आणि तीसुद्धा मालकाच्याच जमिनीत.

त्या रात्री आईनं बाच्या मनगटाला कसलासा पाला वाटून लावला. आमची घरातली बोली वेगळी आहे, तुम्हाला कळेल तसं सांगते. बा म्हणाला,

‘‘पावण्याला वाटा दिला. चुकलं का गं?’’

आई पाला लावत राहिली. मी गोधडीत तोंड खुपसून रडले. बाची दया आली म्हणून नाही. राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मालकावर काढता येत नव्हता. म्हणून मग मी बावरच रागावले होते.

पुढच्या थंडीत दुसरे पाहुणे आले. मग तिसरे. थंडी पडली की मालकाच्या बंगल्यावर माणसं यायची आणि बाला बोलावणं यायचं. मालकाला त्यात मौज वाटायची. बाला नाही म्हणता येत नव्हतं, कारण झोपडीखालची जमीन मालकाची होती आणि मालक ते दर वेळी बोलून दाखवायचा.

बा शिकला. माझ्या डोळ्यांदेखत शिकला. त्यानं पुन्हा कुणापुढे पान धरलं नाही. पाहुण्यांकडे तोंड करून बसायचं, शेपूट शेवटी ठेवायचं, बायका ओरडल्या की थांबायचं. पुढे पुढे तर तो हसायलाही शिकला. ते हसू दिसलं की मी मान फिरवायचे.

आणि वाडीत काय झालं ते सांगते. माणसं लपून खायला लागली. खोपोलीच्या बाजारात आमच्या बाया मोळ्या घेऊन गेल्या की तिथली पोरं मागे लागायची, उंदीर दाखवा म्हणायची. म्हणून झोपडीचं दार ओढून, आत धुरात बसून खायचं. वाटा मागायला कुणी येऊ नये म्हणून वास लपवायचा. जे आमच्यात कधी नव्हतं ते आलं. एकट्यानं खाणं आलं. मालकानं आमच्याकडून लाकूड नेलं, कोळसा नेला, त्याचं मला एवढं वाटत नाही. हा वाटा नेला त्याचं वाटतं.

मी मोठी झाले. लग्न झालं. माझा नवरा भट्टीवरच कामाला होता, म्हणून आम्ही वाडीतच राहिलो. आई वारली. थोरला मालक वारला. त्याचा मुलगा मालक झाला. धाकटा मालक पुण्यात शिकलेला, छडी बाळगायचा नाही. मला वाटलं होतं, आता हे थांबेल.

थंडीत बोलावणं आलंच. पाहुण्यांनी या वेळी तीन पायांवर उभा करायचा फोटोचा डबा आणला होता. बा म्हातारा झाला होता. मी त्याच्याबरोबर गेले, बिळात धूर ढकलायला. त्यानं दोनदा हात घातला आणि दोन्ही वेळा उंदीर निसटला. पाहुण्यांपैकी एकजण घड्याळ बघायला लागला. मग मीच पुढे झाले, हात घातला आणि धरला. वाटलं, लवकर होऊ दे, म्हाताऱ्याला घरी नेऊ.

धाकटा मालक म्हणाला, ‘‘बरं झालं. म्हाताऱ्यापेक्षा हीच बरी दिसंल फोटोत. तूच खा गं.’’

बा मला म्हणाला, ‘‘हस जरा.’’

माझा बाप. तो मला शिकवत होता. फोटोवाल्यानं काळ्या फडक्यात डोकं घातलं. माझ्या मुठीत तो जीव धडधडत होता. मला काही मोठं सुचलं नाही. खरं सांगते, मी घाबरले होते. पण मला माझ्या तोंडावर ते हसू येताना जाणवलं. बाचं हसू. तेच. ओठ आपोआप फाकत होते.

मी मूठ उघडली. उंदीर बांधात पळाला.

‘‘नाय,’’ मी म्हणाले.

‘‘काय म्हनलीस?’’

‘‘नाय खानार. भूक लागली तर खाईन. तुमी सांगितलं म्हनून नाय.’’

कुणी मला मारलं नाही. धाकटा मालक पाहुण्यांकडे बघून हसला, म्हणाला, ‘‘जाऊ दे, लाजली.’’ आणि मला हळूच म्हणाला, ‘‘उद्या बगू.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. माझी झोपडी मोडली. मग शेजारची. मग सगळ्या. ‘‘जमीन आमची हाय. कुटं बी जा.’’ गाडगी फुटली, कोंबड्या रानात पळाल्या. बाया ओरडत होत्या. त्यांतल्या कितीजणी मालकावर ओरडत होत्या आणि कितीजणी माझ्यावर, ते मी मोजलं नाही. एका म्हातारीनं, आईची मैत्रीण होती ती, माझ्यासमोर येऊन सांगितलं,

‘‘तुज्या येका नायपायी आमी रानात पडलो. तुजं त्वांड नको दिसाया.’’

मी नवऱ्याला घेऊन खालापूरला सरकारी कचेरीत गेले. दिवसभर ओट्याखाली बसलो. ओट्यावर चढू दिलं नाही. संध्याकाळी शिपाई म्हणाला, कागद असेल तर दाखवा, नसेल तर जा. कागद कुठला? आम्ही तिथंच जन्मलो होतो, एवढंच. परत आलो तर भोकरीही तोडल्या होत्या.

वाडी पांगली. कुणी नेरळकडे गेलं, कुणी दुसऱ्या मालकाच्या भट्टीवर. आम्ही घाटातल्या ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला, रेल्वेच्या रुळांखालच्या उतारावर चार मेढी रोवल्या. बा चालून थकला होता. तिथं पोचल्यावर त्यानं मला विचारलं,

‘‘खाल्ला असतास तर काय झालं असतं गं? मी खाल्ला ना इतकी वर्सं.’’

मी गाठोडं सोडायला घेतलं. आजही त्याला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. मी कुणाचं भलं केलं नाही. वाडी मोडली, ती माझ्या नाहीनं मोडली, हे मी नाकारत नाही. मोडणारा हात मालकाचा होता, हेही कुणी विसरू नये. त्या पावसाळ्यात बा गेला. झोपडी गळत होती, त्याला कोरडी जागासुद्धा देता आली नाही. जाताना तो माझ्यावर रागावलेलाच होता.

इथूनही आम्हाला उठवतील. रानाचा शिपाई दर पंधरवड्याला येऊन सांगून जातो. मला त्याच्यापुढे काही करता येत नाही, आणि मी खोटी ऐट मारत नाही. पण एक मी करते. मी दार ओढत नाही. चूल बाहेर, उघड्यावर घातली आहे. उंदीर भाजला की तोही तिथंच. नवरा चिडतो, म्हणतो लोक बघतील. बघू दे. वाटेनं रेल्वेच्या गँगचा मजूर जातो, गुराखी जातो, मी हाक मारते. कोणी बसतो, कोणी थुंकून जातो. जो बसला त्याला पहिला वाटा.

काल शिपायानं सांगितलं, रानखात्याच्या वरच्या बंगल्यावर पाहुणे आलेत, त्यांना तुमचं खाणं बघायचं आहे, या जागेवर राहायचं असेल तर उद्या तयार राहा. मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. बसून खाणार असाल तर या, पान मांडते. उभं राहून बघणार असाल तर पाय उचला. झोपडी मोडा. पुन्हा बांधली तर पुन्हा मोडा. उत्तर हेच मिळेल.